छोट्या ट्रॅक्टरने ओंडके ओढताना साखळी कुठे बांधायची?

मागच्या भागात आपण पडलेल्या झाडाचे तुकडे कसे पाडायचे ते पाहिलं. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "तुकडे तर पाडले, पण बागेतून रस्त्यापर्यंत आणायचे कसे? घरी पंधरा एचपीचा ट्रॅक्टर आहे, त्याने होईल का?"

होतं. नीट केलं तर आरामात होतं. आणि नीट नाही केलं तर माणूस जातो. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

आधी आमच्याकडे काय झालं ते

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली, सगळीकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमचे दापोली तालुक्यातले तीन जुने आंबे मुळासकट पडले. पावसाळा तोंडावर, मजूर मिळेनात, म्हणून काकांनी शेजारचा छोटा ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरचा ड्रॉबार कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेला. मग साखळी कुठे अडकवायची? सीटच्या मागे टॉप लिंक जिथे बसतो तो ब्रॅकेट मजबूत दिसला, तिथे अडकवली.

पहिले दोन ओंडके व्यवस्थित आले. तिसरा गडग्याच्या एका चिऱ्याला अडला. काकांनी थोडी रेस दिली आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं उचलली. त्यांचा पाय नशिबाने क्लचवरच होता. तो दाबला गेला आणि चाकं धाडकन खाली आली. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवशी पुढचं काम थांबलं. काका बराच वेळ चिऱ्यावर बसून होते, काही बोलले नाहीत.

गंमत म्हणजे अडलेला ओंडका तिघांमधला सगळ्यात लहान होता. हेच आज लक्षात ठेवायचं: ओंडका जड असतो म्हणून ट्रॅक्टर उलटत नाही, तो अडकतो म्हणून उलटतो.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

ओंडका ओढताना ट्रॅक्टरचं मागचं चाक जमिनीला जिथे टेकतं तो आपला टेकू. पुढचा भाग स्वतःच्या वजनाने खाली राहतो आणि मागची साखळी त्याला वर उचलायला बघते. साखळी जमिनीपासून जितकी उंच बांधली, तितकी तिची तरफ मोठी.

आकड्यांत बघू. ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३०० किलो पुढच्या चाकांवर, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर धरा. साखळी ८० सेंटीमीटर उंचीवर बांधली, तर साधारण ५६० किलोच्या ओढीला पुढची चाकं उचलतात. कोरड्या, घट्ट जमिनीवर इतकी ओढ हा ट्रॅक्टर लावू शकतो. चढ असेल किंवा झटका बसला, तर त्याहून कमीतच काम होतं. तीच साखळी ३५ सेंटीमीटरवर, म्हणजे ड्रॉबारला बांधली, तर पुढचं उचलायला जवळपास १३०० किलोची ओढ लागेल. आठशे किलोचा ट्रॅक्टर मातीत एवढी ओढ लावूच शकत नाही. त्याआधी त्याची मागची चाकं जागेवर फिरायला लागतात.

म्हणजे खाली बांधलं तर चाक आधी घसरतं, वर बांधलं तर तोंड आधी उचलतं. चाक घसरणं ही फुकटची सेफ्टी आहे, ती घालवू नका.

दुसरी गोष्ट. ड्रॉबार ॲक्सलच्या खाली आणि मागे असतो. तोंड जरा उचललं की ड्रॉबार आणखी खाली जातो आणि साखळीची तरफ आपोआप कमी होते. वरच्या ब्रॅकेटला बांधलं तर तसा आधार मिळत नाही. एकदा उचललेला ट्रॅक्टर पूर्ण उलटायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. "तोंड उचललं तर क्लच दाबीन" असं सगळेच म्हणतात, पण समजून पाय हलेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

म्हणून नियम एकच: साखळी ड्रॉबारलाच, ॲक्सलच्या मधल्या उंचीच्या खाली. टॉप लिंकला नाही, ॲक्सलच्या नळीला नाही, सीटच्या सांगाड्याला तर नाहीच. ड्रॉबार काढलेला असेल तर आधी तो बसवा, मगच काम सुरू करा.

ओंडक्याचं वजन कसं काढायचं?

लाकूडवाल्यांचा घनफुटाचा हिशेब इथे कामाला येतो. दोरीने मधला घेर मोजा, त्याचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा, सगळं फुटात. आलेल्या आकड्याला ३६ ने गुणलं की ओल्या लाकडाचं वजन किलोत मिळतं. यात ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलंय. ऐनासारखं भरीव लाकूड याहूनही जड भरू शकतं.

४ फूट घेर आणि १० फूट लांबी: १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १० घनफूट, म्हणजे ३६० किलो. घेर ६ फूट केला तर साडेबावीस घनफूट, म्हणजे ८१० किलो! घेर दीडपट, पण वजन सव्वादोन पट. हा ओंडका तुमच्या ट्रॅक्टरएवढाच जड आहे. तो आधी अर्धा कापा. एक जास्तीची कापणी ट्रॅक्टरपेक्षा खूप स्वस्त.

मातीवरून फरफटत न्यायला वजनाच्या अर्ध्याहून थोडं जास्त बळ लागतं असं धरून चाला. ३६० किलोला दोनशे किलोच्या आसपास. छोट्या ट्रॅक्टरला हे सहज झेपतं, जोवर ओंडका कुठे रुतत नाही तोवर.

ओंडका रुतू नये म्हणून

फांद्यांचे खुंट आधी बुडापासून साफ छाटा. ओंडका बुंध्याकडून ओढा, म्हणजे राहिलेल्या खुंटांची तोंडं मागे राहतात आणि ते जमिनीत घुसत नाहीत. साखळीचा फास टोकापासून हात-दीड हात आत घ्या. जायचा रस्ता आधी चालून बघा आणि दगड, मुळं, तोडलेले खुंट बाजूला करा. आमचा चिरा दोन मिनिटांत हलला असता.

पुढचं टोक उचललेलं असेल तर निम्मं काम सोपं होतं. त्याचे तीन साधे मार्ग:

पहिला, पत्रा. जुन्या पिंपाचा अर्धा कापलेला गोल पत्रा पुढच्या टोकाखाली ठेवून साखळीत अडकवायचा. ओंडका होडीसारखा सरकतो.

दुसरा, भोकांची आडवी पट्टी. ही थ्री पॉइंटच्या खालच्या दोन आर्मच्या मध्ये बसते. साखळी आखूड करून तिला अडकवायची आणि हायड्रॉलिकने टोक फक्त वीतभर उचलायचं. पट्टी ॲक्सलच्या वर न्यायची नाही. कंपनीने लिफ्ट सातशे किलोची लिहिली असली तरी तेवढं टांगायचं नाही, पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागलं की थांबा आणि ओंडका लहान करा.

तिसरा, दोन चाकांची घोडी. वेल्डिंगवाला जुन्या चाकांवर कमान करून देतो. ओंडक्याचं टोक कमानीला टांगायचं आणि घोडी ड्रॉबारला जोडायची. रोजचं काम असेल तर खर्च करण्यासारखी आहे.

साखळी कडीवर ग्रेडचा शिक्का असलेली घ्या. ग्रेड ८० ची ८ मिलिमीटरची साखळी २ टनांच्या कामाची असते. नायलॉनचा दोर नको. तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. साखळी ढिली ठेवून झटका द्यायचा नाही. आधी हळू ताण घ्या, मग पुढे. साखळीजवळ आणि ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, मुलं तर नाहीतच.

चढ, उतार आणि चिखल

कोकणात सपाट जमीन कुठे मिळायची! उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली जा, आडवं जाऊ नका. उतरताना पहिला गिअर ठेवा आणि क्लच दाबू नका, नाहीतर ट्रॅक्टर मोकळा सुटतो. साखळी आखूड आणि टोक उचललेलं हवं, नाहीतर मागचा ओंडका घसरत चाकावर येतो. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडल एकत्र लॉक केलेली असू द्या. ओल्या कातळावर सरळ नाही म्हणा.

मागची चाकं चिखलात रुतली, तर त्यांच्यासमोर लाकूड घालून पुढे रेटू नका. चाक फिरू शकलं नाही की इंजिन ट्रॅक्टरचं धडच ॲक्सलभोवती फिरवतं. साखळी सोडा आणि रिव्हर्समध्ये बाहेर या.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना डोक्यावरची संरक्षक कमान नसते. स्वीडनने ती नव्या ट्रॅक्टरना १९५९ पासून सक्तीची केली. तुमच्या मॉडेलला बसत असेल तर बसवून घ्या, आणि कमान असेल तर सीटबेल्ट लावाच.

एक कागदाची गोष्ट. आंबा, फणस, साग, ऐन, जांभूळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. लाकूड रस्त्यावर काढण्याआधी वन खात्याकडे परवानगी आणि वाहतूक पासाची चौकशी करा.

काका आता कुणाचाही ट्रॅक्टर आला की आधी मागे जाऊन वाकून बघतात. ड्रॉबार नसेल तर चहा देतात आणि परत पाठवतात. तुमच्याकडे उद्या ओंडके ओढायचे असतील तर तुम्हीही आधी तेवढंच करा, वाकून बघा.

पुढच्या भागात हे ओंडके ट्रॉलीत कसे चढवायचे ते पाहू. तोपर्यंत सांभाळून काम करा. नमस्कार.