मंदीतलं चाकण-भोसरी

2019च्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा सुमारे 32 टक्क्यांनी घसरली. पुण्याजवळच्या चाकणच्या मोठ्या कारखान्यांत ‘ब्लॉक क्लोजर’चे, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे, दिवस सुरू झाले होते. बड्या कंपनीचं उत्पादन चार दिवस थांबलं, की तिला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या शेडमध्ये आधी ओव्हरटाइम जायचा, मग रात्रपाळी.

कारणं वर्षभर साचत होती. जुलै 2018मध्ये ट्रकांची भारमर्यादा 20 ते 25 टक्क्यांनी वाढली आणि तेवढ्याच मालाला कमी ट्रक पुरू लागले. सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था कोसळली, बिगर-बँक वित्तसंस्थांनी हात आखडते घेतले. नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांसाठी एकदम काढणं सक्तीचं झालं. एप्रिल 2020पासून बीएस-6 ही नवी प्रदूषण-मानकं येणार, म्हणून गिऱ्हाईकही थांबलेलं. अर्थमंत्र्यांनी तरुणांच्या ओला-उबरच्या ओढीकडे बोट दाखवलं. पण ओला-उबरमुळे ट्रकची विक्री का घसरावी?

या मंदीत नोकरी गेली कुणाची? कायम कामगाराला कायद्याचं कुंपण होतं : 100 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कपातीला सरकारी परवानगी लागे. ठेकेदाराकडचा पोरगा आणि ‘नीम’ योजनेतला प्रशिक्षणार्थी या कुंपणाबाहेर. मुदत संपली, पुढची ऑर्डर नाही, गेटपास जमा कर. कागदावर कपात झालीच नाही, त्यामुळे किती जणांचं काम गेलं यावर शेवटपर्यंत वाद घालता आला. माझ्या मते या मंदीचं खरं वैशिष्ट्य हेच.

यातले पुष्कळजण मराठवाड्यातून आयटीआय करून आलेले, कॉट बेसिसवर राहणारे. खोलीचं भाडं, खानावळ भागेना तेव्हा गावाकडची एसटी धरायची. पण 2018च्या दुष्काळाने गावातही मजुरी उरली नव्हती. 2017-18चा 6.1 टक्के बेरोजगारीचा सरकारी आकडा मे 2019च्या अखेरीस जाहीर झाला, तो या पडझडीच्या आधीचा.

ऑक्टोबरात विधानसभा निवडणूक झाली. प्रचारात कलम 370 गाजलं, चाकणच्या गेटबाहेरच्या पोरांचा विषय मागेच पडला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आधीची बेकारीही करोनाच्या खात्यावर जमा झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. कपातीच्या परवानगीसाठीची 100 कामगारांची अट तिने 300वर नेली.