मळकट तुकड्यातला काटेकोर आकडा

तारेचा विद्युतरोध किती, असं विचारलं की समोरून आधी प्रश्नच येतात: लांबी किती, जाडी किती, तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची, तापलीय का? 5 फेब्रुवारी 1980 च्या रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना असा रोध दिसला, ज्याला यातलं काहीच विचारावं लागत नव्हतं.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर, द्रव हेलियमची थंडी आणि पृथ्वीच्या काही लाख पट चुंबकी क्षेत्र. प्रवाहाच्या दिशेतला रोध जवळजवळ शून्यावर आलेला. आडवा रोध, म्हणजेच हॉल रोध, मात्र पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता आणि प्रत्येक पायरी म्हणजे 25,812.807 ओहम भागिले एखादा पूर्णांक! हा आकडा प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार एवढ्यावरच ठरतो. पाच वर्षांत नोबेल मिळालं.

काटेकोरपणा केवढा? 2011 साली ग्राफीन आणि गॅलियम आर्सेनाइड या अगदी वेगळ्या पदार्थांमधला हा रोध ताडून पाहिला. फरक असलाच तर दहा अब्जांत एकाहून कमी. पृथ्वीला वळसा घालून मोजमाप केलं आणि चूक ज्वारीच्या दाण्याएवढी निघाली, तर तेवढी.

बरं, हे काम एकदोन इलेक्ट्रॉनांचं नाही. 10 टेस्लाच्या क्षेत्रात एका चौरस मिलिमीटरमध्ये चुंबकी प्रवाहाचे सुमारे 240 कोटी क्वांटम मावतात. पहिल्या पायरीवर इलेक्ट्रॉनही साधारण तितकेच. शिवाय पदार्थ मळकट. मला सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट. अशुद्धींच्या खाचखळग्यांत कितीतरी इलेक्ट्रॉन अडकून पडतात. ते प्रवाहात भाग घेत नाहीत, म्हणून क्षेत्र थोडं कमीजास्त झालं तरी पायरी जागची हलत नाही. तुकडा अगदीच निर्मळ असता तर सपाट पायरी उरलीच नसती. हॉल रोध सरळ रेषेत चढत गेला असता.

आता कॅल्क्युलेटर घ्या. निर्वात पोकळी विद्युतचुंबकी लहरींना जो रोध दाखवते तो 376.73 ओहम. त्याला 137.036 ने गुणा आणि दोनने भागा. 25,812.8 येतात. 137.036 हा प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं किती घट्ट ते सांगणाऱ्या सूक्ष्मरचना स्थिरांकाचा व्यस्तांक. क्लिट्झिंग यांच्या 1980 च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही हॉल रोध नंतर येतो. आधी नाव आहे ते या स्थिरांकाचं.