चिपाडाच्या भिंती

आंबेगाव तालुक्यातील पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक या गावी भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. तेथे गाळपाच्या हंगामात रस काढून घेतल्यावर उसाच्या वजनाचा सुमारे ३० टक्के भाग ओल्या चिपाडाच्या रूपाने मागे उरतो. बॉयलरमध्ये जळून ते वाफ व वीज देते, हा त्याचा विनियोग रास्तच होय. परंतु याच द्रव्याचे ‘सेलोटेक्स’ नावाचे तक्ते अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात १९२० च्या दशकापासून तयार होऊन घरांच्या भिंतींना लागत असत, ही गोष्ट आपल्या ऊसकरी मुलखाने मनावर घेण्याजोगी आहे.

चिपाडाची वाळलेली काडी बोटांत चुरडून पाहावी: सालीकडचे चिवट तंतू हाती राहतात आणि आतला मऊ भुसा गळून पडतो. तक्त्याचे बळ त्या तंतूंत असते. भुसा पाणी शोषून तक्ता फुगवतो, सबब तो आधी चाळून काढावा लागतो. सिमेंटचा तक्ता करावयाचा तर आणखी एक शत्रू आड येतो, तो म्हणजे उरलेली साखर. तिचा अल्पसा अंशही सिमेंटच्या कणांवर बसून त्याचे घट्ट होणे रोखून धरतो, म्हणून चिपाड गरम पाण्याने धुऊन घेणे अगत्याचे ठरते.

असे तक्ते गव्हाच्या काडाचेही होतात, पण त्याची रीत निराळी. त्याच्या अंगावरील मेण व सिलिका यांमुळे नेहमीचा सरस धरत नाही. तथापि १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये असे आढळले की, सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत काड जोराने दाबले असता त्यातील लिग्निन हे नैसर्गिक द्रव्य मऊ होऊन तेच बंधकाचे काम करते. असा घट्ट दाबलेला तक्ता आत हवा न राहिल्याने भडकत नाही, हळूहळू कोळपतो. खरे भय ओलीचे आहे.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा देऊन त्यावर पुढे आलेली वळचण राखतात, ती याच भयापोटी. तेव्हा हे तक्ते तूर्त आतील आडभिंतींनाच लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्याजवळच्या अवसरी खुर्द येथे २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. त्याने व कारखान्याने मिळून चिपाड-काडाच्या भिंतींची एक खोली उभारावी, ती चार महिन्यांच्या पावसात तशीच राहू द्यावी, आणि आतील उष्णता, ओल व वाळवी यांची मोजमापे शेतकऱ्यांपुढे मराठीत मांडावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.