जुना चहा कसा सांभाळावा?

मंडळी, चहाचा डबा घट्ट लावून ठेवावा हे आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असतं. झाकण उघडं राहिलं की पूड सादळते, वास उडतो. पण चहाचा एक प्रकार असा आहे की तो जितका जुना तितका मानाचा. आणि घट्ट कोंडून ठेवला तर त्याचं मुरणं मंदावतं. त्याचं नाव पु-अर. कोणी आप्तेष्ट परदेशाहून येताना अशी वडी भेट आणतात, आणि ती जपायची कशी हे घरात कोणालाच माहीत नसतं.

हा चहा चीनच्या नैर्ऋत्येकडील युनान प्रांतातला. आपल्या आसामात मोठ्या पानांची जी जात लावतात, तीच तिथंही आहे. पानं खुडून कढईत परततात, उन्हात वाळवतात, मग वाफ देऊन दाबतात आणि भाकरीसारख्या चपट्या वड्या करतात. एका वडीचं रूढ वजन ३५७ ग्रॅम. पूर्वी घोड्या-खेचरांच्या तांड्यांतून हा माल तिबेटपर्यंत जाई. वर्षानुवर्षं हळूहळू मुरतो तो कच्चा पु-अर. १९७३ च्या सुमारास पानांचा ढीग ओला करून दीड-दोन महिन्यांत मुरवण्याची रीत बसवली गेली. तो पक्का पु-अर.

आता तुम्ही विचाराल, मुरतो म्हणजे काय? हवेतला प्राणवायू आणि पानांवरचे सूक्ष्म जीव पानांतली तुरट द्रव्यं हळूहळू बदलतात. चहाचा कडवटपणा उतरतो, रंग तांबूस होतो. या कामाला थोडी हवा, थोडी ऊब आणि थोडा ओलावा लागतो. ओलावा वाढला की मात्र बुरशी धरते, आणि दहा वर्षं जपलेली वडी एका पावसाळ्यात वाया जाते.

म्हणून हवेतली आर्द्रता शेकडा ६० ते ७० आणि उष्णता २० ते ३० अंश सेल्सिअस असावी. वडी तिच्या मूळ कागदातच राहू द्यावी, वर वर्ष लिहावं. कोऱ्या, वास नसलेल्या मातीच्या मडक्यात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ती ठेवून तोंडावर फडकं बांधावं. मडकं जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नये, फळीवर ठेवावं. ऊन लागू देऊ नये. चहा शेजारच्या वस्तूचा वास चटकन ओढतो, म्हणून चूल, मसाल्याचा डबा, साबण, रॉकेल, कापूर यांच्यापासून तो लांब असावा. कच्चा आणि पक्का वेगवेगळे ठेवावेत. शीतकपाटात तर ठेवूच नये.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवा फार ओली असते. तिथं ते चार महिने वडी कोरड्या दिवशीच घट्ट डब्यात बंद करावी आणि पावसाळा सरल्यावर उघडावी. देशावर, विदर्भात उन्हाळ्यात हवा कोरडी पडते. त्याची चिंता नको. कोरड्या हवेत चहाचं मुरणं मंदावतं, पण चहा हातचा जात नाही. ओलीनं मात्र तो जातो. शंका आली तर कोरडेपणाकडे झुकावं.

शाळेत ओल्या आणि कोरड्या गोळ्याचा तापमापक असेल तर गुरुजींनी मुलांकडून रोजची आर्द्रता टिपून घ्यावी. कोठीची खोली पावसाळ्यात किती ओलावते, हे त्यावरून कळेल. आणि ते धान्यालाही उपयोगी पडेल.

महिन्यातून एकदा वडी उघडून हुंगावी. मातीचा, जुन्या लाकडाचा वास असला तर ठीक. कुबट वास आला, हिरवी, काळी किंवा लवदार बुरशी दिसली, तर वरवर पुसून किंवा उन्हात घालून ती वापरू नये. काही बुरशींचं विष उकळूनही जात नाही. बुरशीच्या भुईमुगाची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. वडी कितीही महाग असो, ती टाकून द्यावी. चहा गेला तर दुसरा आणता येतो, मंडळी. घरच्या माणसांची प्रकृती तशी आणता येत नाही.