समुद्री बदके आणि शॉटगनचा चोक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मेनच्या खडकाळ बेटांपासून चेसापीकच्या उपसागरापर्यंत, थंडीच्या दिवसांत आयडर आणि स्कोटर या समुद्री बदकांची शिकार परवाना काढून केली जाते. (भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे इथली चर्चा तिकडच्या पाण्यापुरतीच.) नव्या शिकाऱ्याला तिथे सल्ल्यांची वाण नसते, आणि त्यातले निम्मे सल्ले चोकबद्दलचे असतात.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळ. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक तो पाव मिलिमीटरने कमी करतो, मॉडिफाइड अर्ध्याने आणि फुल जवळजवळ एका मिलिमीटरने. या इवल्याशा फरकावर छर्रे किती पसरणार हे ठरते. गैरसमजही इथूनच सुरू होतात.

गैरसमज : चोक जितका आवळ, तितकी बंदूक लांब मारते.

वस्तुस्थिती : पाण्याच्या पाइपाचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तसेच इथेही होत असावे, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. छर्र्यांचा वेग काडतुसातल्या दारूवर ठरतो. चोकमुळे त्यात पडणारा फरक इतका किरकोळ असतो, की तो हिशेबात धरण्याजोगा नाही. एकेका छर्र्यात पिसे आणि स्नायू भेदण्याची ताकद कुठवर टिकणार, हे त्याचे वजन, आकार आणि वेग ठरवतात. चोक फक्त छर्रे जास्त अंतरापर्यंत एकत्र ठेवतो. ताकद संपलेले छर्रे दाटीने लागले काय आणि विरळ लागले काय, पक्षी जखमी होऊन निसटतो.

गैरसमज : समुद्री बदक चिवट, म्हणून फुल चोकच हवा.

वस्तुस्थिती : पहिला भाग खरा आहे. आयडर हे उत्तर अमेरिकेतले सर्वात मोठे समुद्री बदक. त्याचे वजन दोन किलोच्या आसपास भरते आणि अंगावर दाट पिसांचे कवच असते. पण फुल चोकचा सल्ला शिशाच्या जमान्यातला आहे. पाण्यात पडलेले शिशाचे छर्रे बदके खड्यांसोबत गिळत आणि विषबाधेने मरत. म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर अमेरिकेत 1991 पासून आणि कॅनडात 1999 पासून देशभर बंदी आहे. आज बहुतेक काडतुसांत स्टीलचे छर्रे असतात. शिसे मऊ, बार उडताना काही छर्रे चेपतात आणि वाकडे होऊन बाहेर भरकटतात. स्टीलचा छर्रा गोलच राहतो आणि सरळ जातो. त्यामुळे बऱ्याच बंदुकांत मॉडिफाइड चोक स्टीलला तेवढीच दाटी देतो, जेवढी शिशाला फुल देत असे. त्याहून जास्त आवळले तर मोठ्या स्टील छर्र्यांचा पसारा कधी कधी उलट विस्कटतो.

शिवाय भुलवण्यासाठी पाण्यावर तरंगत ठेवलेल्या नकली बदकांवर झेपावणारे पक्षी बऱ्याचदा पंचवीस-तीस यार्डांच्या आत येतात. होडी हलते आहे, पक्षी लाटांना लगटून वेगाने चालला आहे, अशा वेळी फुल चोकचा आवळलेला पसारा शिकाऱ्याच्याच अंगाशी येतो. बार चुकतो किंवा कडेचे दोन-चार छर्रेच लागतात. इतक्या अंतराला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड पुरेसा असतो.

गैरसमज : छर्रे मोठे घेतले की चोकचा प्रश्नच मिटतो.

वस्तुस्थिती : मोठा छर्रा खोल जातो, पण काडतुसात मावतो कमी. सव्वा औंसाच्या स्टील काडतुसात दोन नंबरचे सुमारे 156 छर्रे असतात, त्याहून मोठ्या बीबी आकाराचे फक्त 90च्या आसपास. चाचणीच्या कागदावर दोन नंबरचे साठ टक्के तीस इंची वर्तुळात आले, तर 94 भोके पडतात. बीबीचे अगदी ऐंशी टक्के आले तरी 72 पडतात. म्हणजे चोक आवळून जे मिळवायचे, ते आकार वाढवून आधीच गमावलेले असते. आयडरसाठी जड छर्रे घ्यायला हरकत नाही, पण टप्पा त्या विरळपणाचा विचार करून ठरवावा.

जखमी पक्ष्याचा हिशेब मात्र वेगळा. समुद्री बदक जखमी झाले की डुबकी मारते, वर येते तेव्हा फक्त डोके आणि मान दिसते. एवढ्याशा लक्ष्याला बारीक छर्रे आणि दाट पसारा लागतो. म्हणून अनुभवी माणसे त्यासाठी लहान छर्र्यांची काडतुसे हाताशी ठेवतात आणि दुसरा बार लगेच काढतात.

गैरसमज : चोकवर ‘मॉडिफाइड’ कोरले आहे, म्हणजे साठ टक्के नक्की.

वस्तुस्थिती : चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे पन्नास, मॉडिफाइडचे साठ आणि फुलचे सत्तर टक्के छर्रे, हे जुने ठोकताळे शिशाचे आहेत. त्यातही कारखान्यागणिक नळीचा नेमका व्यास बदलतो, काडतूस बदलले की निकाल बदलतो. खात्री करायची असेल तर चार फूट रुंद कागद ताणून लावा, मध्ये खूण करा आणि चाळीस यार्डांवरून एक बार काढा. मग जिथे भोके सर्वात दाट आहेत, तिथे मध्य धरून तीस इंची वर्तुळ आखा. भोके मोजा आणि काडतुसातल्या एकूण छर्र्यांशी ताडून पाहा. वर्तुळात बदकाच्या धडाएवढ्या मोकळ्या जागा राहिल्या आहेत का, तेही बघा. पसारा खुणेच्या वर किंवा बाजूला सरकलेला दिसला, तर बंदूकच तिथे मारते. तोच प्रयोग निदान तीन-चार कागदांवर, त्याच काडतुसाने करावा.

गैरसमज : आजोबांची फुल चोकची बंदूक आजही चालेल.

वस्तुस्थिती : जुन्या बंदुकांत चोक नळीतच घडवलेला असतो आणि त्या शिशासाठी बनलेल्या असतात. कठीण स्टीलचे मोठे छर्रे त्या आवळीतून जाताना नळीला फुगवटा येऊ शकतो. अशा बंदुकीसाठी बिस्मथसारखे मऊ छर्रे असतात. तेही बंदूक जाणकार कारागिराला दाखवल्यानंतरच वापरावेत. नव्या बंदुकीतल्या आट्यांच्या चोकलाही खारे पाणी सोडत नाही. घरी आल्यावर तो काढून पुसला नाही, आट्यांना ग्रीस लावले नाही, तर गंजून कायमचा अडकतो.

सुरुवात करायची तर मॉडिफाइड चोक आणि एकाच जातीची काडतुसे घ्यावीत आणि निकाल कागदावर पाहावा. उघड्या समुद्रावर झाड नाही, कुंपण नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून सर्वात लांबचे नकली बदक मोजून ठेवावे, कागदाने जिथवर दाटी दाखवली त्याच्या आत. पक्षी त्या बदकाच्या पलीकडून गेला, तर त्याला जाऊ द्यावे, मग चोक कोणताही असो.