कुत्र्याची साखर, मांजराची साखर
कुत्रा सारखा पाणी पिऊ लागतो, घरातच लघवी करतो, पोटभर खाऊनही वाळत जातो. मांजराचंही तसंच होतं. लक्षणं तीच आणि नावही मधुमेहच. पण शरीरात बिघडतं ते वेगळं, आणि उपचार त्यावरूनच ठरायला हवेत. कुत्र्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात. त्याला सहसा जन्मभर इन्सुलिन टोचावं लागतं. घरातल्या आजोबांच्या गोळ्या त्याच्या कामाच्या नाहीत. मांजरात इन्सुलिन सुरुवातीला बनत असतं, पण बहुतेकदा लठ्ठपणामुळे त्याचा परिणाम होत नाही. म्हणूनच लवकर निदान, इन्सुलिन, कमी कर्बोदकांचा आहार आणि हळूहळू उतरवलेलं वजन यांच्या जोरावर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही करता येतं. कुत्र्याच्या डोळ्याच्या भिंगात जादा साखरेचं सॉर्बिटॉल होतं, ते पाणी खेचतं आणि भिंग पांढुरकं पडतं. बहुतेक मधुमेही कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो. मांजरात तो क्वचितच दिसतो. त्याच्या मात्र मागच्या पायांच्या नसा कमजोर होऊन ते टाचा टेकवत चालू शकतं. शिवाय दवाखान्यातल्या नुसत्या भीतीनेही मांजराची साखर चढते, त्यामुळे एका तपासणीवर निदान करू नये. गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन चाचणी इथे उपयोगी पडते.

रोज दोनदा सुई टोचणं म्हणजे मुक्या जिवाचे हाल, असं अनेकांना वाटतं. ही कळवळ खरी आहे, पण इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक असते आणि सैल कातडीखाली टोचताना बहुतेक प्राणी खाण्यातून मान वर काढत नाहीत. खरे हाल उपचार टाळल्यावर होतात: रक्तात कीटोन साचतात, उलट्या सुरू होतात, जीव जातो. मांजरांसाठी गोळी आलीच आहे, मग सुई कशाला, हा प्रश्नही रास्त आहे. अमेरिकेत 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनला मान्यता मिळाली, पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, एरवी धडधाकट मांजरांपुरती. आणि त्या गोळीवर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात.

धोका खरा आहे तो सिरिंजच्या घोळात. आपल्याकडे दर मिलीलिटरला 40 युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात, 100 युनिटचं इन्सुलिनही मिळतं. 100 चं औषध 40 च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. बाटली आणि सिरिंज यांवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा, आणि प्राणी जेवला नसेल तर नेहमीचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.