काळ्या दगडातले रंग

रविवारची सकाळ. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत केशवराव भोसले नाट्यगृहासमोरचा रस्ता रात्रीच्या पावसाने अजून ओला आहे. फुटपाथला लागून चित्रकलेची मुलं घडीच्या स्टुलांवर बसली आहेत. मांडीवर बोर्ड, पायाशी पाण्याचा डबा. सर त्यांच्या मागून फिरताहेत.

"पोरी, दगड काळा नाही. नीट बघ."

ती बघते. सावलीतला दगड निळसर आहे, ऊन लागलेला तांबूस. ती अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना कालवते आणि भरल्या ब्रशने वॉश सोडते. कडेची एक पट्टी मात्र कोरी राखते. पारदर्शक जलरंगात उजेड नंतर रंगवता येत नाही, तो कागदावर आधीच वाचवावा लागतो.

शाहू महाराजांच्या काळातल्या या वास्तूने ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग सोसली. समोर बसून तिचा एकेक कोपरा टिपणाऱ्या या मुलांकडे बघताना मला त्यांचा अभिमान वाटतो. गाव डोळ्यांत साठवायचं, तर असं समोर ठाण मांडून बसावंच लागतं.

"सर, ऊन सरकलं की हो!"

"सरकू दे. आबालाल रहिमान तेवढ्यासाठीच तर पुन्हा पुन्हा जायचे."

सर बोलू लागतात, तसे बाकीचे ब्रशही थांबतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आबालाल कोल्हापुरात परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, पण त्यांचं मन रमलं कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठी. तेच पाणी, तीच झाडं; प्रहर बदलला की चित्र नवं. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले. उरलेल्यांपैकी काही चित्रं टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत.

"आधी ती बघून या. पाणी किती थोडक्या रंगांत वाहतं, ते कळेल," सर म्हणतात.

मुलगी पहिला कागद वाळत ठेवते, दुसरा बोर्डवर चिकटवते. तालमीतून परतणारा एक पैलवान खांद्यावर टॉवेल टाकून मघापासून उभा आहे.

"सर, आमचं खासबागचं कुस्ती मैदान कधी काढणार?"

"पुढच्या रविवारी. पण सहालाच या, ऊन चढायच्या आत. आणि येताना चार गडी आणा. माणसांशिवाय मैदान कसलं?"